कुलपाचं कव्हर

राजेंद्रनं रविवारी दुपारी पोह्यांची बशी हातात घेऊन वडिलांना ऑर्डर दिली.

"बाबा, एक कव्हर शिवायचंय. कुलपाचं."

कडुबा खरात गॅलरीत मशीनवर कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होते. पायडल न थांबवता त्यांनी विचारलं, "कशाचं?"

"आईच्या मोबाइलचं."

आता पायडल थांबलं.

उस्मानपुऱ्यातलं हे घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. एका ठिकाणी बोललेलं दुसऱ्या ठिकाणी ऐकू येणार नाही, अशी सोय त्यात नाही. तरी आतल्या खोलीत बसलेल्या मुक्ताबाईंकडून काही उत्तर आलं नाही. त्या मोबाइलवर एक लाल गोळी दोन लाल गोळ्यांच्या शेजारी नेऊन बसवत होत्या. तीन सारख्या गोळ्या ओळीत आल्या की फुटतात, वरून नव्या पडतात. खेळ एवढाच. जगात कोट्यवधी लोक तो खेळतात म्हणे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी दूध उतू जात असणार.

मुक्ताबाईंच्या घरी ते महिन्याभरात तीनदा गेलं होतं. गॅसवाला दार वाजवून सिलिंडरसकट परत गेला होता. सून करुणा एका खाजगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर दिवसभर लोकांचा राग झेलते. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा इतकी वर्षं चहा तयार असायचा. आता कधी असतो, कधी नसतो. सासूला ती मामी म्हणते. "मामी, डोळे जातील तुमचे," असं तिनं काळजीनं सांगून पाहिलं, आणि मग नवऱ्याला काळजी सोडून सांगितलं.

राजेंद्रचा उपाय सरळ होता. सकाळी कामावर जाताना मोबाइल कव्हरात, कव्हराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. संध्याकाळी घरी आल्यावर तासभर खेळायला द्यायचा.

"अन् कुणाचा फोन आला तर?" कडुबांनी विचारलं.

"तुमच्यावर येईल की. आईला कोण करतंय फोन?"

हे खरं होतं. कडुबांनी पायडल पुन्हा सुरू केलं.

कुलपाचं कव्हर मागायला राजेंद्र योग्य माणसाकडे आला होता. या शहरात ती वस्तू पहिल्यांदा कडुबांनीच शिवली. त्याबद्दल त्यांचा कुठं सत्कार झालेला नाही.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. शहागंजात गयासभाईंचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीला लागून कडुबांचं मशीन. गयासभाईंनी मुंबईहून घरगुती कॉम्प्युटर आणायला सुरुवात केली. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची. कॅसेटमधून बराच वेळ कुणीतरी पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायचा आणि तो संपला की गेम सुरू व्हायचा. कधी व्हायचा नाही, मग पत्रा पहिल्यापासून. घेणारे होते प्राध्यापक, डॉक्टर, वकील. घेताना प्रत्येक जण एकच सांगायचा की पोराच्या भविष्यासाठी घेतोय.

"साब, भविष्य पे धूल नक्को बैठने दो," गयासभाई म्हणायचे आणि पायरीकडे बोट दाखवायचे. "कडुबाभाई कवर सी देंगे."

कडुबा शिवून द्यायचे. मरून रेक्झिन, कडेनं पांढरी पायपिंग, वायरीसाठी मागं काज. ज्या घरात सोफ्याला खोळ नव्हती, त्या घरात कॉम्प्युटरला कव्हर आलं. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं, हेही बहुतेक घरांत न सांगता ठरलं.

पुढं पोराचं भविष्य म्हणजे एक बारकं विमान असून ते सारखं गोळ्या झाडत असतं, असं एकेका बापाच्या लक्षात यायला लागलं. उस्मानपुऱ्यातले एक वकील कव्हर हातात घेऊन शहागंजात आले. मुलगा दहावीला होता.

"याला कुलूप बसेल का?" त्यांनी विचारलं.

कडुबांनी विचार केला. खालून चारी बाजूंनी बंद, दोन चेन समोरासमोर आणून त्यांच्या कड्यांत छोटं कुलूप. बसलं. वकिलांनी कोर्टाच्या बाररूममध्ये सांगितलं आणि शहागंजच्या पायरीवर बापांची रीघ लागली. पुढं कार्ट्रिजचे व्हिडिओ गेम आले, त्यांच्यासाठी पेटीसारखं कव्हर. मग मोठे कॉम्प्युटर आले, त्यांच्या तीन तुकड्यांना तीन कव्हरं. फेब्रुवारी-मार्चात कडुबांना जेवायला फुरसत नसायची. एका पिढीच्या दहावीच्या निकालात त्यांचा वाटा किती, हे बोर्डानं कधी जाहीर केलं नाही.

पोरंही गप्प बसणारी नव्हती. ब्लेडनं शिलाई उसवायची, गेम खेळायचा आणि बाप घरी यायच्या आत सायकलवर कव्हर घेऊन शहागंजात.

"काका, पटकन टाके घाला."

काका घालून द्यायचे. वकिलाला दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घेता येत नाही. शिंप्याला तशी बंदी नाही.

या सगळ्या काळात मुक्ताबाई घरी बसून वायरीची काजं करत होत्या. त्याआधी त्या शर्टांची काजं करत होत्या आणि नंतरही शर्टांचीच केली. भाकरी, धुणं, सासूचं आजारपण, पोराची शाळा, आणि उरलेल्या वेळात काज-बटण. शेकडो कव्हरं त्यांच्या हाताखालून गेली. ती ज्या वस्तूवर चढायची, ती वस्तू त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. पाहायची वेळ आली नाही, आणि कुणी दाखवलीही नाही.

गेल्या वर्षी राजेंद्रनं नवा मोबाइल घेतला आणि जुना आईला दिला. त्यात गोळ्यांचा खेळ तसाच राहून गेला होता. राजेंद्र त्यातल्या एका लेव्हलला अडकून कंटाळला होता. मुक्ताबाई ती लेव्हल पार करून कुठच्या कुठं गेल्या. ही गोष्ट राजेंद्रला माहीत होती, आणि कव्हराच्या मागणीत तिचा काहीच हात नव्हता, असं सांगता येणार नाही.

कडुबांनी पोराला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांचं पायरीवरचं दुकान करोनाच्या टाळेबंदीत बंद झालं ते पुन्हा उघडलं नव्हतं. घर पोराच्या पगारावर चालतं. अशा घरात बापाचं मौन होकार म्हणून धरलं जातं.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते टेप घेऊन आतल्या खोलीत गेले. मुक्ताबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"काय मोजायलाव?"

"मोबाइल."

"मोजा. पर हलवू नका, चारच चाली राहिल्यात."

कडुबा उकिडवे बसले आणि गोळ्या हलत असतानाच लांबी-रुंदीचं माप घेतलं.

"कुलपाचं ना?" मुक्ताबाईंनी मान वर न करता विचारलं.

"ऐकलं व्हय तू?"

"बहिरी झाले नाय अजून."

"मंग बोलली का नाय?"

"बोलले असते तर कुणीतरी च्या मागितला असता."

कडुबा टेप गुंडाळत तिथंच बसले. उठायला गुडघ्यांची परवानगी लागते, ती लगेच मिळत नाही.

"पर एवढं काय हाय त्याच्यात?" ते म्हणाले. "रंगीत गोळ्याच ना."

"गोळ्याच हायत." चौथी चाल फुकट गेली. पडद्यावर एक रडकं तोंड आलं आणि खाली पुन्हा खेळा असं बटण आलं. मुक्ताबाईंनी ते नवऱ्याला दाखवलं. "बघा. हरले मी. कुणी काय म्हणलं? पुन्हा खेळा म्हणतंय बिचारं. या घरात मला कुणी म्हणलं का कधी, राहू द्या, पुन्हा करा? दूध उतू गेलं की सगळे वकील होतेत."

"तुझे डोळे..."

"डोळ्याचं तुमी नका सांगू. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं काजं केली, तवा कुठं गेलता माझा डोळा?" आवाज चढला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं चाललं होतं. "दोनला बसते, पाचला उठते. तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारल्याली ऐकू येत नाय. ऐकू येत नाय म्हणूनच बसते. सासूबाई होत्या तवर जमलं नाय, दुकान होतं तवर जमलं नाय. आता जमलंय, तर तुमचं पोरगं कुलूप आणायलंय."

"माझं एकट्याचंय का पोरगं?"

"कुलूप लावायच्या बाबतीत तुमचंच." त्यांनी पुन्हा खेळाचं बटण दाबलं. "शिवा तुमी. गिऱ्हाइकाला नाय म्हणल्याली तुमची सवय नाय."

संध्याकाळी कडुबा कुलूप आणायला शहागंजात गेले. गयासभाईंचं दुकान जागेवरच आहे, फक्त आता तिथं टीव्ही नसून भिंतभर मोबाइलची तयार कव्हरं लटकलेली असतात. ती मोबाइल पडला तर फुटू नये म्हणून असतात. पोरांपासून वाचवायची त्यांची इच्छा दिसत नाही.

"क्या कडुबाभाई! ताला?" गयासभाईंनी स्टुलावरून वाकून पाहिलं. "किसका बच्चा बिगड गया इस उमर में?"

"बच्चा नाय. घरवाली."

गयासभाई हसले नाहीत, म्हणजे हसणार होते पण थांबले. "हमारे घर में भी यहीच है. शमशाद बी दोपहर को खेलते बैठती. मैं एक बार पूछा, क्या खेल रहे तुम? तो थैली हात में दे के बोली, जाओ भिंडी लाओ. तब से नहीं पूछता." त्यांनी गल्ल्याखालच्या डब्यातून बोटाएवढं पितळी कुलूप काढलं. "लो. दो चाबियां हैं. एक बाप की, एक गुम होने की."

कडुबांनी मंगळवारी कव्हर शिवलं. जुनं मरून रेक्झिन थोडं उरलेलं होतं. कच्ची शिलाई मारावी, म्हणजे आठवड्यात उसवेल, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण हाताला कच्चं शिवता येईना. इतक्या वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. दोन चेन समोरासमोर आल्या, कुलूप बसलं. वस्तू चांगली झाली, आणि चांगली झाली म्हणून त्यांना आणखी थकल्यासारखं वाटलं.

राजेंद्र त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होता. साडेचारला वाळूजच्या कारखान्यातून आला, बूट काढता काढता त्यानं मशीनवरचं कव्हर उचललं, चेन ओढून पाहिली, कुलूप हिसका देऊन पाहिलं.

"एक नंबर. अजून हात गेला नाय तुमचा, बाबा. किल्ली?"

"दिली."

"कुणाला?"

"तुझ्या आईला."

राजेंद्र एक बूट पायात ठेवून उभा राहिला. "अन् दुसरी?"

"तीबी."

"मग उपयोग काय याचा?"

"मोबाइल तिचाय. पाच वाजले की ती ठेवल त्याच्यात. दोन वाजता काढल. मधी कुणी हात लावायचा नाय."

"बाबा, उद्या परत दूध उतू गेलं तर?"

"दूध दिसलं की गॅस बंद करायचा. त्याला किल्ली लागत नाय."

राजेंद्रनं आतल्या खोलीकडे पाहिलं. आतून गोळ्या फुटल्याचा बारीक आवाज आला, मग आणखी बऱ्याच फुटल्याचा. तो काहीतरी म्हणणार होता. पण आठ तास लाइनवर उभं राहून आलेल्या माणसाकडे भांडण एकाच्याच पुरतं असतं, आणि ते त्यानं सुपरवायझरवर खर्च केलं असावं. त्यानं दुसरा बूट काढला.

"चहा तरी हाय का?" त्यानं विचारलं. कुणाला विचारलं, ते स्पष्ट नव्हतं.

कडुबा मशीनचा आधार घेऊन उठले. ओट्यापाशी जाऊन त्यांनी पातेलं शोधलं, पाणी ठेवलं, तिसऱ्या काडीला गॅस पेटला. चहापत्ती समोरच होती. साखर दिसेना. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, आणि साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी आतल्या खोलीकडे वळून हाक मारायला तोंड उघडलं.

मग मिटलं, आणि डाव्या बाजूच्या पहिल्या डब्याचं झाकण काढलं. तूरडाळ होती. त्यांनी दुसरा डबा काढला.