चहा नको म्हणणारी बाई

जीपमध्ये बसायचं तर ती चप्पल काढून बसायची. खोटं नाही सांगत. आत जाताना चप्पल बाहेर काढायची, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. बाईनं ते इतकं मनावर घेतलं की सेनगावला निघाली तरी चपला रस्त्यावर आणि बाई आत. ड्रायव्हर ओरडायचा, "बाई, पायतान घ्या वर!" मग ती लाल होऊन म्हणायची, "माझं चुकलं."

हे तिचं रोजचंच. शेळी आडवी आली तर शेळीलाही म्हणायची. माझ्या सासूबाई पोट धरून हसत. "एवढ्या चुका ही करती तरी कवा गं?"

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी वस्तीत बालवाडी चालवायची आणि ती हॉलंडहून वर्षभर माझ्या मदतीला आली होती. गावात चांगली माडीवरची खोली मिळत होती, पण ती सोडून बाई आमच्या बौद्ध वस्तीत, आमच्याच शेजारी राहिली. सासूबाईंना याचं कोण कौतुक! रोज संध्याकाळी हाक, "ये गं पोरी, चा झाला." तीही माझ्या लहानग्या लेकीशेजारी कशीबशी मांडी घालून फुर्र फुर्र प्यायची आणि सासूबाईंना "आई" म्हणायची.

एके दिवशी ती दारातूनच म्हणाली, "आताच झाला."

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच.

तुम्ही म्हणाल, चहाच तो, त्यात काय एवढं? अहो, आमच्या वस्तीत येऊन विचारा. मतं मागायला येणारे ओट्यावर बसतात, गोड गोड बोलतात आणि चहाचं नाव काढलं की म्हणतात, "आताच झाला." सासूबाईंच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. आमच्या हातचं नको म्हणण्याचं एकच कारण त्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगू? मलाही.

"गावानं शिकवलंच शेवटी तिला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हाक मारणं बंद केलं. बाई दारात येऊन उभी राहायची, तर सासूबाई चुलीकडं तोंड करून बसत. एकदा तिनं घाबरत विचारलं, "आई, माझं काही चुकलं?"

"न्हाई बा. तुमचं काहून चुकंल?"

तुमचं! आजवर लेकीसारखं अगं-तुगं होतं. मला ते फार लागलं, पण मीही गप्प राहिले.

ती जायला निघाली त्या दिवशी सासूबाई बाहेर आल्या नाहीत. तिची पिशवी घेऊन सेनगावच्या स्टँडवर मीच गेले. तिथं मात्र राहवलं नाही. म्हटलं, "बाई, आमचा चहा काहून सोडला?"

ती तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "मी पाहिलं. आईनं बाळाच्या वाटीतलं दूध माझ्या चहात टाकलं. बाळ रडत होतं."

खरं होतं. आमच्या दोन शेळ्यांतली एक आटली होती. दूध माझ्या लेकीलाही पुरत नव्हतं.

"मग बिनदुधाचा मागायचा की!"

"मग आईला कळलं असतं, मी पाहिलं. तिला वाईट वाटलं असतं." आणि मोठ्या आनंदानं म्हणाली, "गावातले लोक तुमच्याकडे येतात, किती छान म्हणतात ना, आताच झाला? मी ते शिकले."

बस लागली. ती खिडकीतून हात हलवत राहिली आणि मला वर बघवेना.

घरी आले तेव्हा सासूबाई माझ्या लेकीला भरवत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"‘तुमी’ म्हनले गं मी तिला," एवढंच बोलल्या. मग पदर सावरून उठल्या. "फाट्यावर जाऊन येते."

"आत्याबाई, बस कवाच गेली," मी सासूबाईंना म्हटलं.

"ठाऊक हाय मला."

लेकीला कडेवर घेऊन मी मागं धावले. सेनगावहून एक जीप आली, माणसं उतरली. सासूबाई एकेकाचं तोंड न्याहाळत उन्हात उभ्या होत्या. जीप रिकामी झाली तरी हलेनात. ड्रायव्हर म्हणाला, "कुठं जायचं, मावशी?"

"कुठं न्हाई, लेकरा," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला चा प्यायला बोलवायचं व्हतं."