जाऊबाईंच्या हाताखालचे पुढारी

आमच्या वस्तीत पुढारी निवडायची रीत जगावेगळी आहे. बैठकीला जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात काम टाकायचं आणि चहा पिऊन उठायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई शिलाई मशीन दुरुस्त करून आणायला खाली बाजारात गेल्या होत्या. डोंगर चढून वर येईपर्यंत पाणी समितीच्या अध्यक्ष झाल्या होत्या. तेव्हापासून बैठकीला मेली एकही जागा रिकामी नसते. ताप आलेला माणूससुद्धा घोंगडी पांघरून येऊन बसतो.

शिवणकाम सांभाळून बाईंनी वरच्या झऱ्यापासून घराघरापर्यंत पाइप आणला, पाण्याच्या पाळ्या लावल्या, भांडणं मिटवली. त्यात गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, चढण बंद. मग झऱ्याकडे बघणार कोण? पाणी थांबलं की माणसं खालच्या गावात राहायला जाणार. अर्ध्या घरांना कुलपं लागलीच आहेत, उरलेल्यांना लागायला कितीसा वेळ!

म्हणून त्यांनी माणसं तयार करायचं मनावर घेतलं. म्हणजे काय, तर डॉक्टरांना न जुमानता एकेकाला धरून वर न्यायचं, हातात पाना द्यायचा आणि त्याने तो फिरवायच्या आत हिसकावून घ्यायचा. "अहो, असं नाही, द्या इकडे!" सगळे पळाले. खेचरांवरून वस्तीचं सामान वर आणणारा खेचरवाला तेवढा चिकाटीचा. एकदा पाळीवरून दोन घरांत जुंपली, तो मिटवायला उभा राहिला, तर बाईंनी त्याचं बोलणं मध्येच तोडून स्वतःच निकाल दिला. तोही मग मूग गिळून बसला.

मला राहवेना. "जाऊबाई, तुम्ही शिकवता की पळवून लावता?"

"अगं, त्याला जमत नाही, मग मी काय करू?"

"जमायला पाना हातात राहू तर द्या त्याच्या!"

"तू आपली भाजी बघ, करपतेय."

खरंच करपत होती, म्हणून मी आणखीच चिडले.

पावसाळ्यात दरड कोसळली आणि पाइप तुटला. नेमक्या तेव्हा जाऊबाई घसरून पडल्यामुळे पाय प्लास्टरमध्ये घालून आतल्या खोलीत होत्या. खेचरवाला दारात आला.

"वहिनी, ताईंना विचारायचं होतं. कुठून सुरुवात करू?"

मी दारातच आडवी उभी राहिले. "झोपल्यात त्या. तुम्हाला सुचेल तसं करा."

तो डोकं खाजवत गेला. थोड्या वेळाने त्याच्या हाका ऐकू आल्या, आणि फावडी घेतलेली माणसं त्याच्यामागून वर चढताना खिडकीतून दिसली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काम फसलं असतं तर अख्ख्या वस्तीने मला शिव्या घातल्या असत्या, आणि त्यांचं चुकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. गढूळ, फुसफुसत, पण आलं. जाऊबाई आवाज ऐकून उठून बसल्या.

"कोणी जोडलं?"

"खेचरवाल्याने. सगळ्यांना घेऊन गेला होता."

"आणि मला विचारायला कोणी आलंच नाही?"

एवढ्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. खोटं बोलवेना.

"आला होता. मीच परत पाठवला."

म्हटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाल्या, "त्याला सांग, उतारावरचा पाइप खोल गाडायचा, नाहीतर थंडीत पाणी गोठून..."

मध्येच थांबल्या. पदराने डोळे पुसले.

"नको. सांगू नकोस. बघेल त्याचं तो."