सासूबाईंचा निकेलचा ब्रिज

ब्राह्मणपुरीच्या सासूबाईंना भाकरी चावता यावी म्हणून मी, म्हणजे घरचाच दंतवैद्य, त्यांच्या पडलेल्या दातांच्या जागी निकेल-क्रोम धातूचा ब्रिज बसवला. याच्यासारखा मजबूत धातू नाही, असं ऐटीत सांगितलंही. महिनाभरात हिरड्या सुजल्या.

"खोटा दागिना घालात का मन्हा कान बी असाच सुजतस," त्या म्हणाल्या.

त्या दागिन्यांतही निकेलच, आणि त्याचंच यांना वावडं! कपाळावर हात मारून मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषधनं इचारं. दागिनानं कोठे इचारं, जवाईबापू?"

मग पक्का चिकटवलेला ब्रिज कापून काढायला बसलो. ड्रिलचं तिसरं टोक बोथट झालं, तरी त्या मजबूत धातूवर नुसता ओरखडा. सासूबाईंनी चूळ भरली.

"ऱ्हाऊ द्या. मी भाकर दूधमा चुरी खासू."

सुजलेल्या हिरड्या तशाच कशा ठेवणार? चडफडत चौथं टोक लावलं.