काविळीची खाट

सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहिणारे एक कारकून नाव विचारण्याआधी रोग्याचे तोंड हुंगत. धाकट्या भावाला सायकल रिक्षात घालून मी नंदनवनहून तीन दिवसांत चौथ्यांदा त्यांच्या खिडकीशी आलो होतो. मेडिसिनवाले म्हणत, हे मनाचे दुखणे; मनाचे डॉक्टर म्हणत, आधी अंगाची थरथर थांबवून आणा.

कारकुनांनी खिडकीतून नाक बाहेर काढले.

"वास नाही. दारू एकदम सोडली वाटते यानं. म्हणजे आता जिवाले खरा धोका आहे. अन् तुम्ही याले फिरवून काहून राहिले गा?"

"दोन्हीकडून परत पाठवतात."

"दारू लिहिली का पाठवतेच. मी कावीळ लिहितो."

"पण त्याचे डोळे पांढरे आहेत." खोट्या कागदावर मी कधी सही केली नव्हती.

"डोळे डॉक्टर पाहीन. तुमाले भाऊ पाहिजे का खरा कागद?"

मी सही केली. दहा मिनिटांत खाट मिळाली. खाटांना अडकवलेले कागद वाचत मी वॉर्ड मोजला. काविळीचे रोगी भावासकट नऊ. नऊही जणांचे डोळे पांढरे होते आणि नऊही जणांचे हात कापत होते. डॉक्टर राउंडला आले, नऊ कागद वाचले आणि एकाचीही पापणी न उचलता सगळ्यांना थरथरीचे औषध लिहून गेले.