मनोऱ्याची पाठ

ऑफिसात तिला सगळे चौकबाई म्हणत. शाळा असो की गोदाम, तिच्या नकाशात मधोमध उघडा चौक असायचाच, आणि मालक मंडळी तो पहिल्याच बैठकीत खोडायची. या वेळी मात्र तो टिकला होता. खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं. पोटात जुन्या इराणी घरांतल्यासारखा खोल चौक, त्यात हौद, आणि रस्त्यावरचा वारा पकडून चौकात सोडणारा उंच मनोरा. बिल्डर होते तिचे थोरले दीर. घरातलीच म्हणून काम मिळालं, असं लोक तोंडावर म्हणत; मागे काय म्हणत ते न विचारलेलं बरं.

भाऊजींनी बजावलं होतं, "एक जरी खोट निघाली, तर चौक बंद आणि तिथे दुकानं. मग रडत येऊ नकोस."

आज ते इमारतीचं मॉडेल बघायला येणार होते. त्याआधी रंगीत तालीम म्हणून तिने रस्त्याच्या बाजूला पंखा लावला आणि मनोऱ्याच्या तोंडाशी डासांची कॉइल धरली. धूर झकास आत शिरला, चौकात उतरला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत घुसला. ती खोली सासूबाईंसाठी ठरलेली होती. त्यांना दमा होता.

जागेसमोर बेकरी होती, दिवसभर धूर ओकणारी. मापं घेताना ती स्वतः तिथे खोकून बेजार झाली होती, आणि तरी पुस्तकातल्यासारखं मनोऱ्याचं तोंड वाऱ्याकडे करून मोकळी झाली होती. वारा बघितला, वाऱ्यात काय आहे ते बघितलंच नाही! स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

तिने कॉइल विझवली. नुसता पंखा दाखवला तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. चौक वाचला असता. पण भिंतीपलीकडचा सासूबाईंचा खोकला ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

मनोरा डिंकाने पक्का बसवलेला होता. तिने दोन्ही हातांनी धरून पिळला. करकर आवाज झाला, तोंडावरच्या नक्षीच्या जाळीचा तुकडा पडला, पण मनोरा फिरला. आता त्याची सपाट पाठ वाऱ्याकडे होती आणि तोंड चौकाकडे. धुळीच्या गावांत जुने गवंडी असंच करत, हे तिला आत्ता आठवत होतं. तिने पुन्हा कॉइल पेटवली. धूर पाठीवर आपटून बाजूने निघून गेला, आणि चौकातली कोंदट हवा मनोऱ्यातून वर ओढली जाऊ लागली.

तेवढ्यात भाऊजी आले. तिने काही लपवलं नाही. मनोरा आधी होता तसा करून दाखवला, खिडकीत शिरणारा धूर दाखवला, मग फिरवला.

भाऊजी त्या खिडकीशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"जाहिरातीत जाळी रस्त्याकडे आहे," शेवटी ते म्हणाले. "आता रस्त्याकडे काय, पाठ?"

"हो. पाठ."

"आणि चौक?"

"चौक राहणार. त्याच्याशिवाय मनोरा ओढणार काय?"

"लोक हसतील. विचारतील, हा उलटा कुणी बसवला?"

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. "नाहीतर असं करा, त्या पाठीवरच लिहा. जागा भरपूर आहे."

भाऊजींनी पडलेला जाळीचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला.

"हा चौकाच्या बाजूने लाव," ते म्हणाले. "आईला खिडकीतून दिसेल."