उमेदवारीतला खंड

ठाण्याच्या कचेरीत मी उमेदवार होतो, म्हणजे बिनपगारी राबणारा. सहा महिने न चुकता काम केले तर जागा कायम; मध्ये अर्ध्या दिवसाचा जरी खंड पडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा नियम हेडकारकुनांनी आल्या दिवशीच ऐकवला होता. घरी कल्याणला आजारी वडील, आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. ही उमेदवारी मिळावी म्हणून वडिलांनी दोन वर्षे लोकांचे उंबरठे झिजवले होते. "काही झालं तरी खंड पडू देऊ नकोस," असे त्यांनी मला बजावले होते.

अठरा दिवस उरले असताना भर दुपारी आमचे शेजारी आगगाडीने आले आणि कचेरीच्या दारात उभे राहिले. "वडिलांचं काही खरं नाही. सारखे तुला विचारताहेत. लगेच नीघ."

मी हेडकारकुनांपुढे हात जोडले. पानाच्या शिरा काढता काढता ते म्हणाले, "जा की. मी कुठे अडवतोय? परत आलात की तो तुमचा पहिला दिवस."

मी परत जाऊन बसलो. त्या माणसाचा मला राग येतो, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. संध्याकाळपर्यंत मी काय लिहीत होतो? कचेरीतल्या मोडक्या खुर्च्यांची यादी. घरी पोचलो तेव्हा सगळे संपले होते. मुलाच्या हातचे शेवटचे पाणी वडिलांना मिळाले नाही; ते आईने पाजले.

तेरावे उरकून, मुंडण केलेल्या डोक्यावर पागोटे ठेवून कचेरीत गेलो. "पहिला दिवस," हेडकारकून म्हणाले. सुतकाचे दिवस हाही खंडच. पुढचे सहा महिने मी दातओठ खात काढले.

कायम झाल्यावर दप्तरखान्याची किल्ली माझ्याकडे आली. मी आधी नियमांचे पुस्तक शोधून वाचले. आजारपण किंवा घरातला मृत्यू यामुळे उमेदवार गैरहजर राहिल्यास तितके दिवस शेवटी भरून द्यावेत, इतकेच त्यात होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक मी त्यांच्यापुढे आपटले.

त्यांनी चष्मा चढवून ते कलम दोनदा वाचले. "आम्हाला आमच्या हेडकारकुनांनी तोंडीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मीही इथेच बसून होतो."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. पुस्तक त्यांच्या बैठकीपासून दहा पावलांवर होते, आणि तीस वर्षांत त्यांनी ते उघडले नव्हते. त्या दुपारी मीही "दाखवा तो नियम" म्हणालो नव्हतो.