मढच्या समुद्रावर वळलेला किरण

अंधेरीच्या रेडिओ प्रयोगशाळेत मी लेथवर रुजू झालो, तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात सुमतीबाई देवस्थळी माझ्यासमोर एक रेखाटन ठेवून म्हणाल्या, "सावंत, हे पितळेत होईल का?" आमच्या खात्यातल्या त्या एकमेव स्त्री इंजिनिअर.

"बाई, असं कुणी करत नाही."

"म्हणूनच विचारतेय."

ते रेखाटन रडारच्या फिल्टरचं होतं. अँटेनाकडून येणाऱ्या लहरींतली आपली तेवढी आत घ्यायची, बाकीच्या अडवायच्या, हे त्याचं काम. परदेशी फिल्टर म्हणजे हातभर लांबीची सरळ नळी. बाईंनी तिचे कप्पे दोन रांगांत पाठीला पाठ लावून बसवले, मधल्या भिंतीला भोकं ठेवली, आणि सगळं वीतभर जागेत आणलं. अँटेनाही त्यांनी नवीच योजली. जड तबकडी जागची हलवायची नाही. तिच्यासमोरचं, लहरी सोडणारं लहानसं मुख तेवढं डावी-उजवीकडे सरकवायचं, की लहरींचा किरण समुद्रभर वळतो.

हे जमलं नाही तर परदेशी यंत्र विकत घेऊन आमचा विभाग बंद होणार होता. मढच्या किनाऱ्यावर चाचणी ठरली आणि चार दिवस आधी माझ्या हातून एक भोक मोठं झालं. दुसरं पितळ नव्हतं.

"बाई, वाट लागली!"

त्यांनी तुकडा निरखून पाहिला. "स्क्रू बसवून द्या. जुळवते मी." दोन दिवस केसाकेसाने स्क्रू फिरवत त्यांनी फिल्टर ठिकाणावर आणला. चाचणीला आलेल्या साहेबांनी स्क्रूंबद्दल विचारताच बाई म्हणाल्या, "मापात चूक झाली होती, ती आम्ही दुरुस्त केली." तो 'आम्ही' मी जन्मभर जपला आहे.

चाचणीसाठी होडी घेऊन समुद्रात निघालेल्या नाखव्याने हळूच विचारलं, "बाय, डोलकाठीला पत्र्याचा डबा बांधू काय? तुमच्या यंत्रात बरा दिसंल."

"रोज बांधता का, नाखवा?"

"नाय."

"मग आजही नको."

नुसती लाकडी होडी दूर गेली. मुख सरकलं, किरण वळला, आणि पडद्यावर ठिपका उमटला! साहेबांनी निशाण हलवून होडी उत्तरेला वळवली. ठिपकाही उत्तरेला निघाला. परदेशी यंत्राची गोष्ट त्या वाळूतच संपली. परत आलेल्या नाखव्याला बाईंनी स्वतः पडद्यापाशी बसवलं. तिथल्या दुसऱ्या ठिपक्याची जागा बघून तो ओरडला, "आयला, ती तर माज्या भावाची होडी!" साहेबांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी बाई मला गणित शिकवीत. सातवी शिकलेल्या माझ्याकडून त्यांनी डिप्लोमा पुरा करून घेतला. चाचणीच्या अहवालावरही त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी हे लिहिलं. त्यांची दृष्टी तीक्ष्ण राहो, हात स्थिर राहो, प्रकृती ठणठणीत राहो. वयाने मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा, शिष्य मात्र त्यांचाच. संपादकांनी शंभरीच्या ग्रंथातही माझ्यासाठी पान राखून ठेवावं. लेख घेऊन मी स्वतः येईन.